दहा पिढ्या, एक घर

जो नियम तुमच्यावर कुणी लादलेला नाही आणि मोडला तर कुणाला कळणारही नाही, असा एखादा नियम तुम्ही शेवटचा कधी पाळलात? उत्तर सापडायला वेळ लागत असेल तर मलाही लागला होता. आणि माझं तर सगळं लहानपण तत्त्वांत गेलं. बाबा बाभुळगावला शाळामास्तर, शिवाय संघटनेचे कार्यकर्ते. आमच्या घरात पंचांग नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. 'निषेध' हा शब्द मला 'नारळ'च्या आधी वाचता आला. तत्त्वासाठी मंडपात भांडणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. कुणी बघत नसताना स्वतःच्या नियमाला धरून बसलेलं माणूस मात्र एकच पाहिलं. ते यवतमाळच्या रजिस्ट्री ऑफिससमोर टायपिंगच्या दुकानात बसायचं आणि दुपारी कॉम्प्युटरवर खेळ खेळायचं.

सगळी गल्ली त्यांना ताई म्हणायची. स्टॅम्पवाला, चहावाला, वकील, सगळेच. मीही ताईच म्हणायचो, त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या असून. चष्म्याची एक दांडी रबरबँडनं बांधलेली. टायपिंगला बसण्याआधी त्या कीबोर्डवर फुंकर मारायच्या, जणू चूल पेटवताहेत. संघटनेची पत्रकं टाइप करून घ्यायला मी त्यांच्याकडे जायचो. माझ्या मजकुरातली उद्गारचिन्हं त्या न विचारता काढून टाकायच्या.

"एका पानाले एकच," त्या म्हणायच्या. "जास्त लागत असतील त वाक्य कच्चं आहे."

दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. पायरीवर लाकडी टेबल टाकून अर्जनवीस काका बसायचे. ते हातानं मसुदा लिहायचे, ताई तो टाइप करायच्या. खरेदीखत, बक्षीसपत्र, प्रतिज्ञापत्र असं सगळंच असायचं, पण सगळ्यात जास्त असायचं ते हक्कसोडपत्र. ज्यांच्या घरात हा कागद अजून झालेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाप गेला की घरात आणि शेतात मुलीचाही वाटा येतो. तो वाटा तिनं भावांसाठी सोडून दिला, असं सांगणारा हा कागद. त्यात बहिणीला 'लिहून देणार' म्हणतात आणि भावाला 'लिहून घेणार'. भाऊ बहिणीला मोटारसायकलवर बसवून आणतो. पिशवीत साडी असते. सही नाहीतर अंगठा झाला की समोरच्या गाडीवर आलुबोंडा आणि चहा होतो, आणि बहीण चारच्या एसटीनं सासरी परत जाते. कागदात एक ओळ ठरलेली असते, 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय'. ती टाइप करताना ताई पडद्याकडे बघायच्याही नाहीत. बोटांना पाठ होती.

एक ते दोन रजिस्ट्रीत जेवणाची सुट्टी. तेवढा तास खेळाचा. पुण्याच्या भाच्यानं उन्हाळ्यात येऊन तो कॉम्प्युटरवर टाकून दिला होता. पडद्यावर लहान लहान माणसं असतात. त्यांना घर बांधून द्यायचं, जेवू घालायचं, कामाला लावायचं. ती लग्न करतात, त्यांना मुलं होतात, ती म्हातारी होऊन मरतात. जिंकणं नाही, हरणं नाही. भाचा त्यात महाल बांधायचा आणि कंटाळा आला की माणसांना हौदात उतरवून शिडी काढून घ्यायचा. ताईंना ते बघवलं नाही. तो परत गेल्यावर त्यांनी खेळ उघडला, पण त्याआधी आमच्या एका वाया गेलेल्या पत्रकाच्या पाठीमागे नियम लिहिले आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

दहा पिढ्या खेळायच्या, घर एकच. वारस मुलगी. मुलगी झाली नाही तर दत्तक घ्यायची. फुकटचा पैसा मिळवायची एक गुप्त कळ त्या खेळात असते म्हणे, तिला हात लावायचा नाही. म्हाताऱ्याला घराबाहेर काढायचं नाही. आणि झालेलं पुसायचं नाही. म्हणजे काही वाईट झालं तर खेळ जतन न करता बंद करून, मागच्या ठिकाणाहून पुन्हा सुरू करायचा नाही.

एक नियम असा होता की प्रत्येक पिढीनं घरात एक खूण ठेवायची आणि पुढच्या कुणी ती बदलायची नाही. त्यामुळे ते घर पाहण्यासारखं झालं होतं. जांभळं दार, स्वयंपाकघरात पियानो, पायऱ्यांच्या मधोमध मासोळ्यांची पेटी.

"न्हाणीघर कोण्या पिढीनं पिवळं केलं ताई?" काका पायरीवरून मान वाकडी करून विचारायचे.

"चौथ्या."

"तिले डोळे नोहते काय?"

"डोळे होते. आवड नोहती."

भावांसाठीही नियम होता. भाऊ मोठा झाला की त्याला वेगळं घर थाटून द्यायचं, पण जाताना त्याच्या अंगावर नवा शर्ट घालायचा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला कळलं नाही. ताई एका तरुणाला कपाटापुढं उभं करून अर्धा तास शर्ट निवडत होत्या. मी विचारलं, हे कशाला.

"साडी नाही नेसवता येत त्याले," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "म्हणून शर्ट."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग एकदा मी नावांकडे बघितलं. पडद्यावरच्या मुली दिसायला परदेशी, केस पिंगट, पण नावं शेवंता, पारबता, कौसल्या. मी म्हटलं, ताई, ही नावं तुमच्या घरातली का?

"ही शेवंता केळापूरची. सोमवारी आलती. अंगठा." त्यांनी दुसरीवर बोट ठेवलं. "ही कौसल्या तांड्यावरची. हिनं सही केली, पण आपलं नाव लिहाले बसली त रडू लागली. भाऊ म्हणे, ताई, लवकर, गर्दी आहे."

नियम असा होता की मुलगी जन्मली की तिला त्याआधी आलेल्या शेवटच्या 'लिहून देणारी'चं नाव द्यायचं. सकाळी ज्या बाईच्या हातून घर सुटलं, तिच्या नावाच्या मुलीला दुपारी ताई घर देत होत्या. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळ्यावर मत असायचं. मी म्हणालो, ताई, याने खऱ्या शेवंताला काय मिळालं?

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या पत्रकानं काय मिळालं तिले?"

ताईंचं स्वतःचं घरही होतं. तीन खोल्या आणि मागे एक टिनाची खोली. वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते, त्यांनी बांधलेलं. वडील गेले तेव्हा धाकटे दोघे भाऊ शिकत होते. ताईंनी टायपिंग सुरू केलं ते तेव्हा, आणि मग लग्नाचा विषय कुणी काढला नाही, त्यांनीही नाही. एक भाऊ नागपूरला गेला, दुसरा पुण्याला. ताई आणि अंथरुणाला खिळलेली आई त्या घरात राहिल्या. घर वडिलांच्या नावावर होतं, ते तसंच राहिलं. कुणाला घाई नव्हती.

आता ती दुपार सांगतो, जी मला अजून पचलेली नाही. खेळातली सहावी पिढी. वारस मुलगी सुभद्रा, नुकतीच मोठी झालेली. तिला ताईंनी चुलीपाशी उभं केलं आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून त्या उठल्या. परत आल्या तोवर स्वयंपाकघर पेटलं होतं. घरातली बाकी माणसं हात वर करून नुसती ओरडत होती, त्या खेळात तसंच असतं. सुभद्रा मेली.

ताईंचा हात माउसवर होता. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "बंद करून पुन्हा उघडू काय रे? एक वाजल्यापासूनचं तेवढं पुसून जाईन. पोरगी उभी राहीन."

"उघडा बाप्पा," काका म्हणाले. "खेळच त आहे. कोन पाह्यते?"

आणि मी म्हणालो, "कोणी पाहत नाही तेव्हाच तर नियम, ताई. स्वतःचा नियम स्वतः मोडायचा आणि जगाला शिकवायचं, हे पुढाऱ्यांचं काम आहे."

वाक्य मला इतकं आवडलं की पुढं ते मी एका पत्रकात वापरलं. ताईंनी खेळ जतन केला आणि बंद केला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी त्या खेळातल्या आईबापांनी एक मुलगी दत्तक घेतली आणि पिढ्या पुढं चालू राहिल्या. ताईंनी नियमांच्या कागदावर 'झालेलं पुसायचं नाही' या ओळीखाली पट्टी धरून रेघ ओढली.

पुढच्या वर्षी त्यांची आई गेली. तेरवीला दोन्ही भाऊ आले. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आल्या आणि काकांना म्हणाल्या, एक हक्कसोड करायचं आहे, माझंच.

काकांनी पेन खाली ठेवलं. "मी नाही लिहीत पोरी तुझं."

"नका लिहू," ताई म्हणाल्या. त्यांनी कीबोर्डवर फुंकर मारली, जुना मसुदा उघडला, आणि 'लिहून देणार'पुढचं नाव बदललं. त्यांनी टाइप केलेल्या शेकडो कागदांसारखाच तो झाला. एक चूक नाही. भावांनी सांगितलं होतं, ताई, नुसतं नाव चढवायचं आहे, तू कुठं जातेस, मागची खोली तुझी जन्मभर. कागदात खोलीचा उल्लेख नव्हता. तो लिहायला हवा हे त्या गल्लीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्यांनी लिहिला नाही.

मी हे सगळं काकांकडून ऐकलं, दहा-बारा दिवसांनी. माझ्या हातात नव्या पत्रकाचा मजकूर होता, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागलंच पाहिजे या मागणीचा. काका म्हणाले, "थांब, आत जाऊ नको लगेच. घर गेलं ताईचं. बिल्डरशी आधीच बोलणी झालती पोट्ट्यांची. मागची खोलीबी पाडनार आहेत. दिवाळीनंतर खाली कर म्हणे."

मी आत गेलोच नाही. थेट ओळखीच्या वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, खात्री देत नाही, पण खोलीचं वचन देऊन सही घेतली असं मांडता येईल, पाडापाडी थांबवायचा अर्ज करता येईल. मात्र बाईंनी स्वतः उभं राहिलं पाहिजे, आणि लवकर. त्यांनी वकीलपत्राचा कोरा फॉर्म दिला. मी तो घेऊन पळत आलो आणि ताईंपुढं ठेवला.

त्यांनी तो वाचला. आपल्या सवयीनं, शेवटच्या टिंबापर्यंत. मग परत माझ्याकडे सरकवला.

"काहून?" मी म्हणालो.

"मीच टाइप केलं. मीच वाचलं. राजीखुशीनं असं माह्याच बोटानं लिवलं. आता कोर्टात जाऊन काय सांगू, मले वाचता येत नोहतं?"

"तुम्हाला फसवलं."

"मले माहीत होतं. दोघं बी समोर बसले होते. धाकट्यानं माह्या पायाले हात लावला. नाही म्हणलं असतं त दोघं उठून गेले असते. मंग भाऊबीजेले ताट कोणापुढं धरू? माय त गेली."

"पण अजून मागं फिरता येतं ताई."

"मागं नाही," त्या म्हणाल्या. "झालेलं पुसायचं नाही. सुभद्रा मेली तव्हा तूच सांगतलं मले."

मी चिडलो. म्हणालो, तो खेळ होता. म्हणालो, तुमच्यासारखी शिकलेली बाई अशी वागते म्हणून अडाणी बायांचे अंगठे घेतले जातात. आवाज चढला होता. रजिस्ट्रीसमोरची माणसं बघत होती.

ताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "खेळातली दुसऱ्या पिढीची गिरजा आठवते काय तुले? सगळ्यात लांब जगली ते?"

आठवत होती. चौऱ्याण्णव वर्षांची होऊन गेली म्हणून काकांनी पेढे आणले होते, गंमत म्हणून.

"तुही आत्या ते," ताई म्हणाल्या. "तुह्या बापानं आणलतं तिले. हिरवी साडी होती पिशवीत. त्याच दिवशी संघटनेचं पत्रकबी टाइप करून नेलं त्यानं, एकाच खेपेत. तुह्यासमोर कधी बोलली नाही. आता तू बोलाले लावलं."

मी फॉर्म उचलला आणि बाहेर आलो. पुढचे आठ दिवस मी त्यांच्याकडे गेलो नाही. त्या आठ दिवसांत समजूत घालता आली असती का, मला माहीत नाही. तत्त्वाचं माणूस रागावलं की त्याला आपला राग हेच काम वाटायला लागतं, एवढं मला आता कळतं.

दुकानाच्या शेवटच्या दिवशी गेलो. नागपूरच्या भावाकडे जायचं ठरलं होतं. झेरॉक्स मशीन आधीच विकलेलं. एक वाजला होता, ताई खेळत होत्या. नवव्या पिढीच्या घरात मुलगी जन्मली होती, दहावी, शेवटची. पडद्यावर नावाची रिकामी चौकट उघडझाप करत होती.

"टाका ना नाव," मी म्हणालो.

"नियमात बसते ते नाव कोणाचं, माहीत आहे ना?"

माहीत होतं. आईच्या तेरवीनंतर ताईंनी दुसरं एकही हक्कसोड टाइप केलं नव्हतं. येणाऱ्याला त्या बाजूच्या दुकानात पाठवायच्या. शेवटची 'लिहून देणारी' त्याच होत्या.

"मंग टाका तुमचंच," काका हळूच म्हणाले.

"माहं टाकलं त तिले मोठं करा लागीन," ताई म्हणाल्या. "दार, खिडक्या, सगळं तिच्या नावानं करा लागीन. मंग एक दिवस मरताना पाहा लागीन. नाही होत."

रिकामं नाव खेळ घेत नाही. त्यांनी एक टिंब टाइप केलं. खेळानं ते मान्य केलं. पिवळ्या न्हाणीघराच्या, जांभळ्या दाराच्या त्या घरात एक टिंब नावाची मुलगी पाळण्यात पडून राहिली. ताईंनी जतन केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि त्यावर कापड टाकलं. कपाटावरचा कागद त्यांनी काढला नाही. कपाटासकट तो नव्या भाडेकरूला गेला असेल.

त्यानंतर मी त्यांना फोन केला तो तीन वेळा. तिन्ही वेळा त्यांच्या भावजयीनं उचलला, म्हणाली, झोपल्या आहेत. दुसऱ्या हिवाळ्यात काकांचा फोन आला. ताई गेल्या होत्या, चार दिवस आधीच. कुणी कळवलं नव्हतं. काका म्हणाले, "सकाळी उठल्याच नाही म्हनते. हॉलमधी झोपत होत्या, दिवाणावर."

त्या रविवारी मी बाबांना गिरजाआत्याच्या कागदाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तिनं राजीखुशीनं दिलं." मी म्हणालो, कागद दाखवा. लोखंडी पेटीत तळाशी होता. मी तो घेऊन आत्याकडे गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसून सगळा कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवला. 'राजीखुशीने' आलं तेव्हा तिचे हात थांबले.

"हे लिवलं होतं त्यात?" ती म्हणाली. "मले त तुह्या बापानं सांगतलं, राशनकार्डाचं आहे म्हणून." मग पुष्कळ वेळानं, "सांगतलं असतं त दिलंच असतं रे मी. विचारलं असतं नुसतं."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं बाबांना सांगितलं. पुढच्या गुरुवारी ते एकटेच आत्याकडे गेले. तिथं काय बोलणं झालं, ते दोघांनीही सांगितलेलं नाही. जमिनीचं अजून काही झालेलं नाही, आणि ते होईपर्यंत मी हा विषय सोडणार नाही. माझी बहीण पुसदला असते. तिच्यापुढं असा कागद मी धरणार नाही, हेही मी घरात सांगून ठेवलं आहे.

हे पत्रक नाही, म्हणून मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या घरातही असा एक कागद पेटीत किंवा कपाटात आहे. तो या आठवड्यात काढा. फोन करू नका, एसटीनं जा, बहिणीकडे, आत्याकडे, जिची सही आहे तिच्याकडे. साडी नेऊ नका. तिच्याजवळ बसा आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तिला तो मोठ्यानं वाचून दाखवा. मग गप्प बसा, आणि ती बोलायची थांबेपर्यंत उठू नका.